मोडीत न गेलेली चांदी

नाशिकच्या सराफ बाजारात जुनी चांदी नेली की ती आधी काट्यावर जाते. आजेसासूबाईंचं ताम्हण असो, लग्नात आलेली अत्तरदाणी असो किंवा देव्हाऱ्यातली, रोजच्या वापराने कडा पातळ झालेली पळी असो. वजन होतं, कस बघितला जातो, घट वजा होते आणि कागदावर आकडा येतो. घडणावळ लागते ती नव्या वस्तूवर. जुन्या वस्तूवर कोणी कित्येक दिवस मान मोडून वेल उठवलेली असली, तरी ती वेल पत्र्याच्या वजनातच धरलेली असते. हा व्यापाराचा रिवाज आहे, जगभर असाच चालत आलेला, आणि त्यात कोणाची लबाडी नाही. पण माणसाने चांदीत केलेलं बहुतेक काम आज पृथ्वीवर उरलेलं नाही, ते याच रिवाजामुळे. लाकूड कुजतं, कापड विरतं. चांदी काळी पडते, पण घासली की पुन्हा उजळते. तिचा घात होतो तो मुशीत.

युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या चांदीविषयी मी वाचू लागले ती या विचारातून. आपल्याकडच्या देवळांची चांदी किती वेळा वितळली याचा माग काढणं कठीण आहे. तिकडे मात्र देवासाठी घडवलेल्या चांदीचा हजारेक वर्षांचा हिशेब बराचसा लिहिलेला आहे. काय घडवलं, कसं घडवलं, आणि कोणी, कशासाठी वितळवलं, हे सगळं.

त्यातलं 'कसं घडवलं' हे सर्वात तपशिलाने सांगणारा माणूस म्हणजे थिओफिलस. इ.स. 1120 च्या आसपास, बहुधा उत्तर जर्मनीत, या संन्याशाने लॅटिनमध्ये कारागिरीचा ग्रंथ लिहिला. थिओफिलस हे त्याने घेतलेलं नाव. हेल्मार्सहाउझेनच्या मठातला रॉजर नावाचा धातुकाम करणारा संन्यासी तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. ग्रंथाचे तीन भाग आहेत: रंग, काच आणि धातू. धातूचा भाग सगळ्यात मोठा. कार्यशाळा कशी बांधावी, उजेड कुठून यावा, इथपासून तो सुरुवात करतो. मग भट्टी, भाता, ऐरणी, हातोडे, कानशी. हत्यारं तयार झाल्याशिवाय तो चांदीला हात लावू देत नाही. नंतर मिस्साच्या विधीसाठी लागणारा लहान पेला, मग मोठा पेला, मग धूपदान. मधेच एका ठिकाणी तो पत्र्यावर आकृती उठवण्याची रीत सांगतो. त्यासाठी चांदीखाली जो चिकट लगदा लागतो, त्याची कृती अशी: विटेचा तुकडा अगदी बारीक कुटायचा, राळेसारखा चिकट पदार्थ भांड्यात पातळ करायचा, त्यात थोडं मेण घालायचं आणि विटेची पूड मिसळायची.

हे मी वाचलं आणि वाचतच राहिले. कारण ही कृती मला पाठ होती. सराफ बाजाराच्या मागच्या बोळांत उठावाचं काम करणारे जे थोडे कारागीर उरले आहेत, त्यातल्या एका काकांकडे मी जात असते. त्यांच्यासमोर लोखंडी वाडग्यात काळपट लगदा असतो. "नुसती राळ घेतली तर ती तडकते, ताई," ते एकदा म्हणाले होते. "विटेची पूड घातली की ती घाव सोसते. तेल घातलं की पत्र्याला धरते. थंडीत तेल जास्त लागतं, उन्हाळ्यात कमी." काकांना हे त्यांच्या वडिलांनी सांगितलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. नऊशे वर्षांपूर्वीचा तो संन्यासी मेण घालतो आणि काका तेल घालतात. बाकी वीट तीच, राळ तीच आणि विचारही तोच. खाली असं काही हवं, की जे घावाला वाट देईल पण पत्र्याला फाटू देणार नाही.

काम कसं चालतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. पत्रा गरम करून राळेवर बसवतात. त्याची मागची बाजू वर असते. बोथट टोकाच्या कलमाने मागून ठोकून आकृतीचा फुगवटा काढतात. या वेळी कारागिराला पान किंवा मोर उलटा, खड्ड्यासारखा दिसत असतो. ठोकून ठोकून चांदी कडक होते. मग राळ तापवून पत्रा सोडवायचा, तो जाळावर मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचा, तेजाबाच्या पाण्यात टाकून पांढरा करायचा आणि उलटून पुन्हा राळेवर बसवायचा. आता पुढची बाजू वर येते. बारीक कलमांनी पानाच्या शिरा, पिसांच्या रेघा, डोळ्याचा ठिपका. एवढ्याने भागत नाही. फुगवटा हवा तितका आला नसेल तर पुन्हा मागे. एका अभिषेकपात्राच्या पट्टीसाठी असं कितीदा तरी उलटपालट होतं. थिओफिलसही हेच सांगतो: ठोक, तापव, पुन्हा ठोक, घाई करू नकोस. चांदीवर सोन्याचा मुलामा चढवायची रीत सांगताना तो थांबून शिष्याला बजावतो, की उपाशीपोटी हे काम करू नकोस. सोनं पाऱ्यात विरघळवून चांदीला लावायचं आणि जाळावर पारा उडवायचा, अशी ती रीत. त्या वाफेने मुलामा देणाऱ्यांची आयुष्यं कमी होत. उपाशीपोटी काम न करण्याचं ते वाक्य मला त्या ग्रंथातलं सगळ्यात मायेचं वाटतं.

या हातांनी काय घडत असे याचा एक नमुना डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आर्डाचा पेला, आठव्या शतकातला. पोट चांदीचं, दोन बाजूंना दोन कान, आणि एकूण साडेतीनशेच्या वर सुटे भाग जोडून तो उभा केलेला. गळ्याखालून सोन्याच्या तारकामाचा पट्टा फिरतो. त्या पट्ट्याखाली प्रेषितांची नावं इतक्या हलक्या हाताने कोरली आहेत, की उजेड तिरका पडला तरच वाचता येतात. पण मला थक्क करतो तो त्याच्या पायाचा तळ. तिथेही नक्षीची वर्तुळं आहेत आणि मधोमध स्फटिकाचा खडा जडवलेला आहे. पेला वेदीवर ठेवला की तो तळ कोणालाच दिसत नाही. पिण्यासाठी तो तिरका झाला, तर समोरच्यांना क्षणभर दिसत असेल. इतक्या क्षणासाठी कोणीतरी तिथे तितकंच काम केलं जितकं वर केलं. आपल्याकडेही जुन्या प्रभावळी मागून बघाव्यात. चांगल्या कारागिराची मागची बाजू कधी ओबडधोबड नसते.

हा पेला वाचला कसा? तो पुरला गेला म्हणून. कोणीतरी, कोणत्या तरी धास्तीने, तो कपड्याला लावायच्या चार पिनांसह आणि एका लहान पेल्यासह जमिनीत ठेवला आणि परत न्यायला आलं नाही. 1868 मध्ये लिमरिक परगण्यात बटाटे खणताना तो वर आला. ज्या वस्तू वर राहिल्या, वापरात राहिल्या, मानात राहिल्या, त्यांचं नशीब वेगळं होतं. इंग्लंडमध्ये 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ बंद केले आणि त्यांची चांदी राजाच्या खजिन्यात गेली. 1553 मध्ये त्याच्या मुलाच्या राजवटीत गावोगावच्या चर्चमधली चांदीही गोळा केली गेली. जे पेले त्यातून सुटले, त्यांच्यावर एलिझाबेथच्या काळात दुसरी पाळी आली. नव्या पंथात द्राक्षारस फक्त पाद्र्याने न पिता सगळ्या मंडळीने प्यायचा होता, म्हणून लहान, नक्षीदार पेले वितळवून मोठे, साधे प्याले करण्यात आले. फ्रान्समध्ये राहिलेलं काम क्रांतीने पुरं केलं. मध्ययुगीन इंग्रजी चांदीचा पेला तर आज फार दुर्मीळ झाला आहे.

त्या साध्या प्याल्याची परंपरा नाशिकलाही पोचली. चर्च मिशनरी सोसायटीचं काम इथे 1832 पासून होतं आणि 1854 मध्ये रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर वसवलं. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे राहिली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन 1874 मध्ये लंडनला गेलेला जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. या पंथाला नक्षीचा सोस नव्हता. वेदीवर साधेपणा हवा, डोळ्याने शब्दाकडे बघावं, भांड्याकडे नाही, अशी ती श्रद्धा. मी तिचा मान राखते. तरी शरणपूर रोडवरून जाताना मनात येतं, की चार पावलांवर जगातली उत्तम चांदी घडत होती आणि तिचा त्या वेदीशी फारसा संबंध आला नाही. नारायण वामन टिळकांनी येशूला अभंग आणि कीर्तनातून मराठी घरात आणलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर तर नाशिकजवळचं जलालपूर. टिळकांनी शब्दांत जे केलं, ते चांदीत करणारा कोणी नाशिकला भेटला नाही.

गोव्यात भेटला. आणि तोही टिळकांच्या आधी तीनशे वर्षं.

पोर्तुगीज आले तेव्हा गोव्यात सोनाराचं काम हिंदू शेटांच्या हातात होतं. पोर्तुगीज कागदपत्रांत ज्याचं नाव राउलू चातिम असं येतं, तो गोव्याचा सोनार 1518 च्या सुमारास लिस्बनला जाऊन राजा मानुएलसाठी काम करून परत आला. पण पुढे धर्मसत्तेला याची अडचण वाटू लागली. ज्याचा येशूवर विश्वास नाही त्याच्या हातून येशूचा पेला कसा घडवावा? 1567 मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ठरावच केला, की ख्रिस्ती नसलेल्या चित्रकारांकडून आणि सोनारांकडून चर्चच्या वस्तू करून घेऊ नयेत. ठराव करावा लागला, यावरून कामं त्यांच्याकडेच जात होती हे उघड आहे. आणि पुढेही जात राहिली. कारण उठावाचं काम येणारे हात दुसरीकडे नव्हते. पाद्री लिस्बनहून किंवा रोमहून छापील चित्र आणत, ते शेटांच्या पुढ्यात ठेवत, आणि चित्रातल्या देवदूताच्या आजूबाजूची रिकामी जागा बघून शेटांना चैन पडत नसे. ती वेलींनी भरून जाई. मला ही भरलेली जागा फार प्रिय आहे. तिथे सांगितलेलं काम संपतं आणि कारागिराचं स्वतःचं काम सुरू होतं.

चांदीही कुठून कुठून आलेली होती. आपल्याकडे तिच्या खाणी फारशा नव्हत्या. दक्षिण अमेरिकेत पोतोसीच्या डोंगरातून काढलेली, स्पेनमार्गे लिस्बनला आलेली. जपानातून नागासाकी आणि मकाव करत आलेली. पोतोसीच्या त्या डोंगरात मूळ रहिवाशांना वेठीला धरून राबवलं जाई, हे विसरून या चांदीकडे मला बघता येत नाही. नाण्यांच्या रूपाने ती गोव्यात उतरे आणि मुशीत जाई. म्हणजे हे सुंदर कामसुद्धा मोडीतूनच जन्मलं होतं.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह जिच्यात ठेवला आहे ती चांदीची पेटी 1636-37 मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. आराखडा मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाचा; 1637 मध्येच तो जपानात मारला गेला. पेटीभोवती 32 चौकटींत संतांच्या आयुष्यातले प्रसंग उठवले आहेत. ती उंचावर आहे, म्हणून खालून नीट दिसत नाही, आणि लोक बघतात ते खालचा संगमरवरी चौथरा. तो टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमोने पाठवला, फ्लोरेन्सच्या फोज्जीनीने घडवला आणि 1698 मध्ये इथे उभा राहिला. संगमरवर घडवणाऱ्याचं नाव सगळीकडे सांगितलं जातं. चांदी घडवणारे मात्र 'गोव्याचे सोनार' एवढ्यावरच उरतात. पेटी टिकली, कारण तिच्या आत देह होता. तसा आधार नसलेल्या किती वस्तू गेल्या! 1835 मध्ये गोव्यातले धर्मसंघ सरकारने बरखास्त केले, मठ ओस पडले आणि त्यांचं सामान विखुरलं.

जे उरलं त्यातलं काही सांता मोनिकाच्या जुन्या मठातल्या संग्रहालयात बघायला मिळतं. ख्रिस्ती कलेचं हे संग्रहालय 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, 2002 मध्ये इथे आलं आणि मोठ्या डागडुजीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. तिथे पृथ्वीगोलावर उभा असलेला चांदीचा पेलिकन आहे, सतराव्या शतकातला. हा पक्षी स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी मध्ययुगीन ख्रिस्ती समजूत होती. म्हणून तो येशूचं प्रतीक झाला आणि ख्रिस्तप्रसादाचं पात्र म्हणून घडवला गेला. मी त्याच्यासमोर उभी होते तेव्हा मला त्या कथेपेक्षा त्याची पिसं दिसत होती. एकेक पीस कलमाने वेगळं काढलेलं. मानेचा डौल तर थेट आपल्या हंसाचा. घडवणाऱ्याने पेलिकन पाहिला असेल की नसेल, हंस मात्र त्याने तोवर किती समयांवर बसवला असेल!

चर्चचा धातू आणि देऊळ यांचं एक नातं नाशिकच्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीजांवरच्या 1739 च्या वसई विजयाची खूण मानली जाते. देऊळ सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी 1747 मध्ये बांधलं. वसईच्या अशा घंटा भीमाशंकरला आहेत, मेणवलीला आहेत. लढाईत जिंकलेला धातू तोफा ओतायला वापरायचा, हाच सगळीकडचा नियम. या घंटांना त्यांच्या आवाजाने वाचवलं. ज्यांनी त्या देवळात टांगल्या, त्यांना ही वस्तू वाजते हे पुरेसं होतं. ती कोणासाठी ओतली होती, हे त्यांनी आड येऊ दिलं नाही.

आणि चांदीचा सर्वात मोठा धडा तर नाशिक जिल्ह्याच्याच मातीत सापडला. 1906 मध्ये गोदा-दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी निघाली, 13 हजारांहून जास्त. त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून ती जगापुढे मांडली. जिंकलेल्या राजाने हरलेल्याची नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपलं चिन्ह उमटवलं, आणि चिन्हाच्या कडेने नहपानाचा चेहरा आणि त्याची अक्षरं अजून डोकावतात. बहुधा घाई होती, सोय होती. पण त्या सोयीमुळे दोन्ही राजे आपल्याला एकाच नाण्यावर भेटतात. ती वितळवली असती, तर त्या झगड्याचा एवढा ढळढळीत पुरावा आपल्या हाती आला नसता.

मोडीविरुद्ध बोलताना मला मिलानचा बिशप अँब्रोझ आडवा येतो. इ.स. 378 मध्ये एड्रियानोपलला रोमन सैन्याचा पराभव झाला आणि गॉथ टोळ्यांनी हजारो माणसं धरून नेली. अँब्रोझने चर्चची पवित्र पात्रं तोडून, वितळवून त्या पैशांतून कैदी सोडवले. टीका झाली तेव्हा त्याने ठामपणे सांगितलं, की सोन्यापेक्षा माणसं राखणं चर्चला शोभतं. या माणसापुढे माझा कुठलाही युक्तिवाद टिकत नाही आणि टिकूही नये. घरातलं कोणी आजारी पडलं, मुलीची फी भरायची राहिली, तर ताम्हण मोडावं. ते त्यासाठीच तर घरात असतं. मला खुपते ती दुसरी मोड. 2025 मध्ये चांदीचा भाव झपाट्याने वाढला आणि बाजारात जुनी भांडी येण्याचा ओघ वाढला. त्यातली सगळी गरजेपोटी आलेली नव्हती. काही केवळ भाव चढला म्हणून आली, काही जड झाली म्हणून, काही 'आता असलं कोण वापरतं' म्हणून. त्यांच्या बदल्यात यंत्राच्या छाप्यातून निघालेली पातळ, चकचकीत, एकसारखी वस्तू घरी गेली. काकांच्या म्हणण्यानुसार जुन्या उठावाचं काम दुरुस्तीला येतं ते आता क्वचित. "दुरुस्ती आली की आम्ही शिकतो, ताई," ते म्हणाले. "जुन्याने कलम कुठे धरलं होतं, ते खड्ड्यात बोट घातलं की कळतं. मोडीत गेली वस्तू की तो मास्तरही गेला."

म्हणून माझी एक इच्छा आहे, आणि ती पुरी करायला फार पैसे लागणार नाहीत. नाशिकच्या या बोळांतल्या कारागिरांना, विशेषतः विशीतल्या पोरांना, एकदा जुन्या गोव्याला न्यावं. मार्गदर्शकाने थोडा वेळ गप्प राहावं. संग्रहालयाने परवानगी दिली तर एखादी वस्तू काचेबाहेर काढून उलटी दाखवावी, पेल्याचा तळ आणि धूपदानाची आतली बाजू. पाठीमागचे खड्डे बघून ही पोरं जे सांगतील ते कलेच्या इतिहासकारांनी लिहून घ्यावं: इथे टोक बदललं, इथे पत्रा फाटला आणि डाग देऊन सांधला, इथे दुसऱ्या हाताने काम पुढे नेलं. आणि ही पोरं परत आली की इथल्या प्रत्येक सराफाने दुकानात एक वही ठेवावी. मोडीला आलेली हातकामाची वस्तू मुशीत जाण्याआधी तिचे दोन फोटो, एक पुढचा आणि एक मागचा, तिथे लागावेत. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कलम खाली ठेवून विचारलं, मागचा फोटो काढायला उजेड कुठून घेणार. मग स्वतःच म्हणाले, डावीकडून, अगदी खालून, नाहीतर घाव दिसत नाहीत.